खोटं नाही, पण खरंही नाही

मैत्रिणींनो, खरं तर सांगायचं नाही आणि खोटं बोलल्याचं पापही लागू द्यायचं नाही, ही कसरत आपल्यापैकी कुणी केलेली नाही? या कसरतीला इंग्रजीत एक अवघड क्रियापद आहे, 'प्रिव्हॅरिकेट'. मी शाळेत दुपारी दोन तास इंग्रजी शिकवते, तरी हा शब्द क्वचितच भेटतो. परवा वाचनात आला म्हणून शब्दकोश काढला. अर्थ होता, सरळ उत्तर न देता आडवळणानं बोलणं, उडवाउडवी करणं.

गंमत वाटली ती त्याच्या मुळाची. लॅटिनमध्ये 'व्हारुस' म्हणजे वाकडा, फेंगड्या पायांचा. त्यावरून पुढे वाकडं चालणं असा अर्थ झाला. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावलेला रोमन लेखक थोरला प्लिनी म्हणतो की, नांगरणारा कामावर नीट वाकला नाही तर नांगर वाकडा जातो. आणि शेतातला हाच शब्द पुढे कोर्टात गेला. तिथे आरोप करायला उभं राहून आतून आरोपीलाच सामील असणाऱ्याला तो लावत. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. मग चाल फेंगडी होणार नाही तर काय!

मला आपला धर्मराज आठवला. 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला. शब्द खोटे नव्हते, पण जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकलाच.

आणि मग माझ्याच पोटात कालवलं. आठ दिवसांपूर्वी सासूबाईंच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. "काय आलं गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घ्या, आराम करा." एक अक्षर खोटं नव्हतं. दुखणं वाढलंय, तेवढं मात्र गाळलं. त्यानंतर त्यांनी विचारणंच सोडलं आणि मी समजले, चला, निभावलं!

त्या रात्री यजमानांशी बोलले. सकाळी सासूबाईंच्या जवळ बसून सगळं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कळलंच होतं. तू माझ्याकडे बघून बोलत नव्हतीस. रात्रभर एकटीच विचार करत पडायची. आता निदान बोलता तरी येईल." थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "हातपाय चालताहेत तोवर एकदा माहेरी नेऊन आण मला."

पुढच्या आठवड्यात आम्ही निघतोय. त्यांना जपायचं म्हणून मी आडवळण घेतलं, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघायला नको म्हणून मी स्वतःलाच जपत होते.

तुमच्या घरात कुणी असाच एखादा प्रश्न विचारून गप्प झालं आहे का? जरा आठवून बघा.