हसरा मायना

‘शि. सा. न. वि. वि.’ लिहिताना कुणी कधी जमिनीवर आडवं झालं नाही. मांडीवर वही घ्यायची, पोस्टकार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ काढायचा, वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि मग शिरसाष्टांग नमस्कार; तोही आद्याक्षरांत, कारण कार्डावर जागा थोडी आणि मजकूर फार. वाचणाराही त्या अक्षरांपाशी थांबत नसे, नजर थेट ‘पत्रास कारण की’वर उडी घेई. पण ती अक्षरं नसती, तर वाचणारा पहिल्याच ओळीला अडला असता: हा रागावलाय की काय?

म्हणून एक तक्रार मला पटत नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा चेहरा पाठवणारा माणूस प्रत्यक्षात बसच्या खिडकीशी मख्ख बसलेला असतो, हे सगळं खोटं आहे, अशी ती तक्रार. मख्ख असतोच तो. तो आपला चेहरा कळवत नसतो, मायना घालत असतो. फरक इतकाच की आपला मायना पत्राच्या डोक्यावर बसायचा आणि हा वाक्याच्या शेपटाला.

या चिन्हाचा जन्मही भावनेतून झालेला नाही. १९८२ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर एक कोडं रंगलं होतं. लिफ्टची तार तुटून ती खाली कोसळू लागली, तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? चर्चेच्या भरात कुणीतरी गमतीनं लिहिलं की एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, आणि काहींना ते खरंच वाटलं. तेव्हा स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञानं १९ सप्टेंबरला सुचवलं की विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करावी, आणि ती मान वाकडी करून वाचावी. कंस उलटा केला की दुसरी खूण. ती आज दुःखाची म्हणून ओळखली जाते, पण फालमनला त्यातून सांगायचं होतं ते ‘हा विनोद नाही’ एवढंच. म्हणजे दोन्ही खुणा वाचणाऱ्याला दिलेल्या सूचना होत्या. लिहिणारा हसत होता की रडत, याची चौकशी त्यांत नव्हती.

जपानमध्ये १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीच्या फोनसाठी १७६ चित्रं काढली. एकेक चित्र आडवे बारा, उभे बारा ठिपके, बस्स. त्यांत सूर्य होता, ढग, छत्री, बर्फाचा बाहुला होता. ज्या देशात पत्राची सुरुवातच ऋतूच्या विचारपुशीनं होते, तिथं छत्री हाही मायनाच.

आणि आपण तर अक्षरांशिवायही कळवत होतो. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू. निधनाच्या कार्डावर ‘श्री’ नाही, आणि कोपरा फाडलेला. पोस्टमनच्या हातातला तो कोपरा दिसला की मजकूर वाचायच्या आधीच घर हादरायचं.

आता हे सारं काम दोन जोडलेल्या हातांवर येऊन पडलं आहे. सुप्रभात, आभार, माफी, गणपतीचं दर्शन, सोसायटीची थकबाकी, श्रद्धांजली: सगळ्याला तेच हात. निधनाच्या निरोपाखाली त्यांची रांग लागते. आणि मध्येच कुणीतरी, वरचं न वाचता, नातवाच्या वाढदिवसाचा केक टाकतो. जुन्या मायन्यात ही गल्लत झाली नसती. तिथं प्रत्येकाची पायरी ठरलेली. थोरल्याला नमस्कार, धाकट्याला ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, परक्याला ‘स. न. वि. वि.’ आजी, घरमालक आणि शाळेतला मित्र यांना एकाच मापाचे हात जोडताना मला थोडं चुकल्यासारखं होतं.

पण त्या पायऱ्यांत एक ‘गं. भा.’ही होती. बाईचा नवरा गेला की पाकिटावरची ‘सौ.’ जाऊन तिथं ‘गंगाभागीरथी’ येई, आणि पत्र घरी पोचेपर्यंत पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत ज्याच्या हाती पडेल त्याला तिचं वैधव्य सांगत येई. नाव किती पवित्र, आणि काम किती निर्दय! नव्या मायन्याला तेवढी पायरी ठाऊकच नाही. तेवढ्यासाठी मी त्याला सगळ्या पिवळ्या पोरकटपणाची माफी देतो.

शिस्त मात्र त्यालाही आहे. शाळेत पत्रलेखनात मायन्याला वेगळे गुण असत. आता घरातली मुलं ते गुण कापतात. शेवटी पूर्णविराम दिला तर रागावलात. नुसता अंगठा दाखवलात तर विषय संपवलात. साधा हसरा चेहरा म्हणजे टोमणा. आणि ज्या आनंदाश्रूंच्या चेहऱ्याला ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ चा ‘वर्षाचा शब्द’ ठरवलं, तो म्हणे आता फक्त काका-मावश्या वापरतात.

“मग खूप हसू आलं तर काय पाठवायचं रे?” मावशीनं नातवाला विचारलं.

“कवटी. म्हणजे हसून हसून मेलो.”

पणतीच्या बारशात बाळानं आत्याच्या चेहऱ्यावर धार सोडली, त्या फोटोवर घरातली सगळी तरुण मंडळी कवट्यांचा पाऊस पाडून मोकळी झाली. मावशीनं एकेक कवटी पुसायला लावली, आणि मग त्याच फोटोखाली हळदकुंकवाचं ताट कुठं सापडतं ते शोधत बसली.