मौन आणि अबोला

पर्युषण पर्वात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी श्वेतांबर मूर्तिपूजक संघांत त्रिशला मातेची १४ स्वप्ने उतरविली जातात. हत्ती, वृषभ, सिंह अशा क्रमाने एकेका स्वप्नाची बोली लागते आणि चौथ्या, लक्ष्मीच्या स्वप्नापाशी पेढीवाल्यांचे आवाज चढू लागतात. दिगंबर परंपरेत ही स्वप्ने १६ मानली जातात. संख्येत भेद असला, तरी स्वप्न म्हणजे पुढे घडणाऱ्या गोष्टीची वर्दी, ही समजूत दोन्हींकडच्या घरांत सारखीच रुजलेली आहे. भगवतीसूत्राच्या १६ व्या शतकात मात्र स्वप्नदर्शनाचे ५ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एक आहे चिंतास्वप्न. जागेपणी मनाने जे घोळविले, तेच निद्रेत दिसणे, असा त्याचा अर्थ. या स्वप्नाची बोली कोणी लावीत नाही. ते उद्याचे काही सांगत नाही. मागील बाकी तेवढी दाखविते.

नगरकडच्या एका तालुक्याच्या गावी कापडाची पेढी चालविणाऱ्या, साठीला टेकलेल्या एका श्रावकाला हा प्रकार इगतपुरीच्या धम्मगिरीवर ओळखू आला. त्याला रात्री झोप लागत नसे, म्हणून मुलाने विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिरासाठी त्याचे नाव नोंदविले होते. ही साधना बौद्ध परंपरेतील. सामायिक-प्रतिक्रमणात वाढलेल्या माणसाने तिकडे जावे का, अशी शंका घरात निघाली. पत्नीने ती एका वाक्यात मिटविली : "अहो, मौन काय कोणा एकाच्या वाटणीला आले आहे? मौन एकादशी आपणही पाळतोच की!" ही साधना भारतात पुन्हा रुजविणारे सत्यनारायण गोयंका हे स्वतः ब्रह्मदेशातील व्यापारी घराण्यातले. असह्य डोकेदुखीवर उपाय शोधता शोधता ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्यापाशी पोहोचले होते. हे वाचल्यावर श्रावकाला ती जागा अगदीच परकी वाटली नाही.

शिबिराचा नेम कडक होता. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा झाला. वाचन नाही, लेखन नाही. आचार्यांना शंका विचारता येई, सेवकांना अडचण सांगता येई. एरवी पहिले ९ दिवस आर्य मौन, म्हणजे शेजारच्या साधकाशी खाणाखुणाही नाहीत. पहाटे ४ वाजता घंटा होई. पहिले ३ दिवस केवळ नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवावयाचे होते. दुकानात दिवसाकाठी शंभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या माणसाला ही शांतता आधी मोकळी वाटली आणि दुसऱ्याच दिवशी जड झाली.

मग स्वप्ने सुरू झाली. त्याला वर्षानुवर्षे एकही स्वप्न आठवले नव्हते. येथे रोज पहाटे एखादे उशाशी उभे असे. यात चमत्कार काही नाही. स्वप्ने ज्या निद्रावस्थेत विशेषेकरून पडतात, ती शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९५३ साली नोंदविली. बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात ती हीच अवस्था. रात्रीच्या उत्तरार्धात ती अधिकाधिक लांबत जाते. चारच्या घंटेने झोप नेमकी तेथे मोडते. त्यातच उठल्याबरोबर हाती घ्यायला मोबाइल नाही आणि बोलायला माणूस नाही. मग दिसलेले पुसले जात नाही.

पहिल्या रात्रींत आला तो सगळा धंदा : अर्धवट ओढलेले शटर, न भरलेले जीएसटीचे विवरण, रंग उतरलेले तागे. चौथ्या रात्रीपासून धाकटा भाऊ दिसू लागला.

वडिलांच्या पश्चात ११ वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली होती. पंचांसमोर आवाज चढला नाही, की कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. जुन्या दुकानाच्या मधोमध एक भिंत उभी राहिली आणि दोन्ही अंगांना कापडच विकले जाऊ लागले. त्या दिवसापासून दोघांत शब्द नव्हता. संवत्सरीला क्षमापनेचे छापील पत्र मात्र दर वर्षी एका घरातून दुसऱ्या घरात जाई. पत्ते लिहिण्याचे काम मुनीमजींकडे होते.

स्वप्नात ती भिंत नसे. भाऊ गादीवर बसून कापड मापीत असे, आणि तागा संपत नसे. मध्येच तो मान वर करून आकडा सांगे. ओठ हलत, पण ऐकू काहीच येत नसे. श्रावक जागा होई तेव्हा त्याचा जबडा आवळलेला असे.

दुपारच्या भेटीच्या वेळी त्याने आचार्यांना या स्वप्नाचा अर्थ विचारला. त्यांनी अर्थ सांगितला नाही. स्वप्नाच्या मागे लागू नका, या क्षणी शरीरावर जे जाणवते आहे ते समतेने पाहा, एवढेच ते म्हणाले. तेव्हा तो जबडा पाहत बसला. दोन दिवसांनी त्याच्या ध्यानात आले, की जबडा रिकामा आवळलेला नाही. आत बोलणे चालू आहे. भावाला कधीतरी द्यावयाचे एक उत्तर तेथे ११ वर्षे घासूनपुसून तयार होत होते, आणि त्यात दर वर्षी एखादे नवे वाक्य जमा होत होते.

जिभेने गप्प राहणे आणि मौन या दोन वस्तू आहेत, हे त्याला तेथे कळले. आपल्याकडे गुप्ती तीन सांगितल्या आहेत : मन, वचन आणि काया. अबोल्यात वचन आवरलेले दिसते, पण मन अखंड बोलत असते. म्हणून अबोला कितीही वर्षे पाळला, तरी तो तपात जमा होत नाही. क्रोधाच्या चार प्रतींना शास्त्रकारांनी पाण्यावरील, वाळूवरील, जमिनीवरील आणि दगडावरील रेघेची उपमा दिली आहे. भांडण न करता ठेवलेला राग पाण्यावरचा समजण्याची चूक सोपी असते, कारण त्याचा आवाज होत नाही. दगडावर कोरले जात असताना तो दिसतो कुठे? पायात मोडलेल्या काट्यासारखे हे शल्य वरून बुजते आणि चालण्यात उरते. दिवसा चालण्यात लपलेले ते निद्रेत दुखू लागते.

दहाव्या दिवशी मौन सुटले. मोबाइल परत मिळताच साधकांची एकच गजबज उडाली. श्रावकाने घरी पोहोचण्याची वेळ कळविली आणि मोबाइल खिशात टाकला. भावाशी बोलावयाचे ते मोबाइलवर बोलण्यासारखे नव्हते.

गावी आल्यावर दुसऱ्या सकाळी, पेढी उघडण्यापूर्वी, तो भिंतीच्या पलीकडे गेला. तयार केलेले उत्तर त्याने नेले नव्हते आणि दुसरे काही सुचलेही नव्हते. भाऊ वहीवर वाकलेला होता. त्याने मान वर केली, बराच वेळ पाहिले आणि पायाने स्टूल पुढे सरकवून म्हणाला, "बस, दादा." त्यानंतर चहा येईपर्यंत दोघेही गप्पच होते.

वाटणी आहे तशीच आहे, भिंतही आहे, आणि दिवाळीच्या मोसमात दोन्ही दुकाने एकमेकांची गिऱ्हाइके ओढतात. शटरची आणि विवरणाची स्वप्ने श्रावकाला अजूनही पडतात. या संवत्सरीला मुनीमजींकडे दिलेल्या यादीत पत्ता मात्र एक कमी होता. त्या घरी तो स्वतः जाणार होता.