निनाद, तो फॉर्म परत भर

चि. निनाद,


काल फोनवर तू सहज बोलून गेलास आणि मला रात्रभर झोप नाही. छातीच्या ऑपरेशनला वर्ष झालं म्हणून दवाखान्याने फॉर्म दिला, त्यात तू सगळीकडे ५ पैकी ५ लिहून मोकळा झालास! डाव्या काखेखाली कातडीची घडी राहिलीय, शर्टाला घासते, हे गिळलंस. का, तर घरचे म्हणतील, "बघ, सांगितलं होतं."

अरे, गुडघा बदललेले आजोबा जिन्यावर कण्हतात, म्हणून त्यांना जुना गुडघा परत हवा असतो का? तक्रार वेगळी, पस्तावा वेगळा. मिशिगन विद्यापीठाचा २०२३ चा अभ्यास आठवतो ना? तुझ्यासारख्याच छातीच्या शस्त्रक्रियेला निदान दोन वर्षं झालेले २३५ जण. उत्तरं दिली १३९ जणांनी. त्यातल्या निदान निम्म्यांचे गुण समाधानात ५ पैकी ५, पस्ताव्यात १०० पैकी ०. वाचून मला भरून आलं होतं. पण ते प्रश्न निर्णयाबद्दलचे होते, टाक्यांबद्दल नव्हते. आणि उरलेले ९६ जण? वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईला गप्प बसलेल्या पेशंटचीच काळजी जास्त वाटते.

तुझ्या निर्णयाची मला कधीच शंका नव्हती. ऑपरेशनआधी मे महिन्यात जत्रेला आलास तेव्हा छाती सपाट दिसावी म्हणून एकावर एक दोन बाईंडर, धाप लागलेली, बरगड्यांवर लालभडक वळ. आणि यंदा साध्या टी-शर्टात, पाठ ताठ, पंगतीत आमटी वाढत होतास. दादासुद्धा बघत राहिला होता.

म्हणून सांगते, सर्जनला खरं लिही. निपल काढून पुन्हा बसवलं की स्पर्श पूर्ण परत येईलच असं नाही, पण ते तुला आधी नीट सांगितलं होतं का, तेही लिही. घडी तर बहुतेक वेळा जागा बधिर करून काढता येते. त्यांना कळलंच नाही तर पुढच्या मुलाचा छेदही ते तिथेच थांबवतील.

व्रण खाजतो म्हणालास, ते मला आवडलेलं नाही. जाड होऊन छेदाच्या बाहेर पसरतोय का? आजीच्या कानाला टोचल्यावर केलॉइड झालं होतं, आपल्या घरात ते आहे. खाजवू नकोस, सॅकचा पट्टा तिथे येऊ देऊ नकोस, उजेडात फोटो काढून आजच पाठव. दादाशी मी बोलते.

तुझी,
आत्या