नाव ठेवणं, नावं ठेवणं

आमच्या मुलीचं नाव जिजा आहे. त्यापुढे वडिलांचं अरबी नाव आणि शेवटी आडनाव शेख. बुलडाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यात आमचं गाव. तिथल्या मातीतलं हे नाव आम्ही दोघांनी मिळून निवडलं, म्हणून इथे 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाचं नाही, नवराबायकोचं आहे.

मराठीत 'नाव ठेवणं' म्हणजे बाळाचं नामकरण आणि 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं. दोहोंत फरक एका अनुस्वाराचा. आमच्या घरी दोन्ही एकाच आठवड्यात झालं.

सातव्या दिवशी अकिका झाला. जावळ काढलं, बकरा झाला, मटण वाटलं. नाव सांगितलं तेव्हा फुफी आधी गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अगे, पोट्टी का नाम जीजा? ये तो बहनोई हो गया!" सगळं घर हसलं. त्या हसण्यावर पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातून विचारणा सुरू झाली. नाव इस्लामी का नाही? आयेशा, फातिमा, जैनब ही नावं संपली का? अब्बा कुणालाच काही बोलले नाहीत. रात्री जेवताना फक्त इतकंच म्हणाले, "नाम तुम रख रहे, ढोना तो उसे पडेगा ना." सगळ्या आक्षेपांत हा एकच आम्हाला खरा वाटला. त्याचं उत्तर आजही आमच्याजवळ पुरतं नाही.

नाव कुठून आलं ते सांगितलं पाहिजे. आम्ही दोघंही मराठी शाळेत शिकलो. आमच्यापैकी जी आज जिजाची आई आहे, तिनं सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात जिजाऊंची भूमिका केली होती. नऊवारी शेजारच्या काकूंची होती, नेसवलीही त्यांनीच. शेखांची मुलगी जिजाऊ कशी, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. लखुजीराव जाधवांच्या वाड्याचा तो भव्य दरवाजा, मोतीतलाव, १२ जानेवारीची गर्दी हे सगळं आमच्याही लहानपणाचं आहे. पुस्तकात वाचून आलेलं हे प्रेम नाही.

मौलवीसाहेबांना विचारलं. त्यांनी आधी अर्थ विचारला. जिजी, जिजा ही थोरल्या बाईला आदरानं मारायची हाक, असं आम्ही सांगितलं. ते म्हणाले, अर्थ वाईट नाही, अल्लाहशिवाय दुसऱ्या कुणाचं बंदेपण त्यात नाही, तेव्हा हराम म्हणता येणार नाही. पण सहाबियांपैकी एखादीचं नाव ठेवलं असतं तर मला अधिक आवडलं असतं. आवडीनिवडीचा आणि मनाईचा फरक त्यांनी राखला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. बाहेर हा फरक फार थोडे लोक राखतात.

खरं तर आपल्याच इतिहासाकडे पाहिलं तर नावाचा धर्म शोधणं किती अवघड आहे ते कळतं. उमर, हमजा, खदिजा ही नावं त्यांच्या आईवडिलांनी ठेवली ती प्रेषितत्वाच्या आधी. इस्लाम कबूल केल्यावर ती बदलावी लागली नाहीत. प्रेषितांनी नावं बदलली ती वाईट अर्थाची. 'आज्ञा मोडणारी' अशा अर्थाचं नाव असलेल्या एका मुलीचं नाव त्यांनी 'जमीला' ठेवलं. आमच्या मोहल्ल्यात परवेज नावाचे तीन जण आहेत. इराणचा खुसरो परवेज हा अग्निपूजक बादशहा. प्रेषितांचं पत्र त्यानंच फाडलं, असं परंपरा सांगते. तरी त्याचं नाव आपण कौतुकानं ठेवतो. रुस्तम, सोहराब, जमशेद ही नावंही इस्लामपूर्व इराणची. २००१ ते २००४ या काळात इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्ष मेगावती होत्या. त्यांच्या नावात मेघ आहे, आणि त्यांचे वडील सुकार्नो यांच्या नावात महाभारतातला कर्ण. दोघंही मुसलमान. इराणचं चालतं, मग सिंदखेडचं का चालू नये?

आणि सिंदखेडला तर नावांची ही देवघेव नवी नाहीच. वेरूळच्या मालोजी भोसल्यांना मूल नव्हतं. त्यांनी नगरच्या शाह शरीफ या फकिराला नवस केला, आणि पुढे झालेल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत कामी आले. शहाजी सिंदखेडचे जावई झाले. म्हणजे जिजाऊंच्या कुंकवाला एका फकिराचं नाव होतं. त्यांच्या माहेरी सख्ख्या भावाचं नाव बहादूरजी, आणि बहादूर हा शब्द फारसी. फुफीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग जावई आपल्याकडून गेला होता म्हण की!"

आमच्या पंचक्रोशीत आजही पिराजी, फकीरराव, हैबतराव, साहेबराव आहेत. त्यांतला एकही मुसलमान नाही. पोरं जगत नसली की मोहरममध्ये पोराला फकीर करायचं, पिराचं नाव द्यायचं, ही बायाबापड्यांची रीत होती. पिंपळगाव सराईला सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीच्या वेळी नारळांची होळी पेटते, तेव्हा त्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचं हे ओळखू येत नाही. अण्णा भाऊ साठ्यांच्या कादंबरीचा नायक मांग आहे आणि त्याचं नाव फकिरा आहे. त्याच अण्णा भाऊंच्या जोडीनं लाल बावट्याच्या कलापथकात गाणारा बार्शीचा मेहबूब पटेल महाराष्ट्राला ठाऊक आहे तो अमर शेख म्हणून. त्यांना कुणी खुलासा मागितला नाही.

खुलासा आता मागतात. तो दोन्हीकडून मागतात. आपली माणसं विचारतात, दीन सोडला का? आणि एकदा तालुक्याच्या गावी काही तरुणांनी विचारलं, "आमच्या जिजाऊंचं नाव तुम्ही कसं काय ठेवलं?" त्यांच्या आवाजात राग होता की नवल, हे आम्हाला आजही ठरवता येत नाही. 'आमच्या' या शब्दात आम्ही बसत नाही, एवढं मात्र कळलं. दुसरे काही भले लोक उलट फार कौतुक करतात. "तुमच्यासारखे मुसलमान हवेत," असं म्हणतात. ते ऐकून आम्ही अधिकच अवघडतो. आम्ही काही सिद्ध करायला हे नाव ठेवलेलं नाही. मालोजींनी मुलाचं नाव शहाजी ठेवलं ते चांगुलपणाचा दाखला म्हणून नव्हे, मनात श्रद्धा होती म्हणून. एवढी मोकळीक आम्हालाही असावी.

नावाचं ओझं कसं असतं ते मुलीला लवकर कळलं. शाळेत पहिल्याच वर्षी दाखल्यावर धर्माच्या रकान्यात भलतंच लिहिलं गेलं. ते दुरुस्त करायला तीन खेटे पडले. शहरात खोली पाहायला गेलो तेव्हा "जिजा, ये" अशी हाक ऐकून घरमालकीण खुलली. भाडं ठरलं, पाणी कधी येतं तेही सांगून झालं. मग करारासाठी आडनाव विचारलं, आणि खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघाली. नाव उंबरठ्यापर्यंत नेतं, आडनाव तिथून परत आणतं. मुलगी शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. अब्बांचं वाक्य आम्हाला तिथे आठवलं.

मग इस्लामी नाव ठेवलं असतं तर सुटका होती का? २०१६ साली सैफ अली खान आणि करीना कपूर यांनी मुलाचं नाव तैमूर ठेवलं, तेव्हा काही दिवसांच्या बाळाला देशभरातून शिव्या बसल्या. आपल्याकडचं नाव ठेवलं तर हल्लेखोराचं आणि शेजारचं ठेवलं तर ढोंग. दोष नावात नसतो, नावं ठेवणाराच्या मनात तो आधीच तयार असतो. अशा वेळी मनाला पटेल तेच नाव ठेवावं, एवढंच आईबापांच्या हाती उरतं.

आमच्याच तालुक्यात साखरखेर्डा आहे. १७२४ साली तिथे मोठी लढाई झाली. निजामुल्मुल्कानं मुबारिजखानाचा पराभव केला आणि विजयाच्या आनंदात गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. दोघंही मुसलमान, नावही फारसी वळणाचं, पाठीशी अख्खी सत्ता. पण आज एस.टी.च्या पाटीवर आहे साखरखेर्डा. फत्तेचं नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही, साखरेचं टिकलं. शाह शरीफांचं नाव मात्र कुणाच्या हुकुमाशिवाय भोसल्यांच्या घरात शिरलं आणि चारशे वर्षं राहिलं. नाव लादलं तर उपरं राहतं आणि मायेनं घेतलं तर घरचं होतं, हे आम्ही आमच्या तालुक्याकडूनच शिकलो.

जिजा आता नववीत आहे. मराठी छान लिहिते, कुराण पढते, आणि आपल्या नावाबद्दल कुणी विचारलं तर कधी सविस्तर सांगते, कधी नुसतंच "असंच" म्हणून पुढे जाते. दोन्हींचा तिला हक्क आहे. अठराव्या वर्षानंतर राजपत्रात प्रसिद्ध करून नाव बदलता येतं, हे आम्ही तिला सांगून ठेवलं आहे. तिनं बदललं तर आम्हाला वाईट वाटेल, पण आम्ही तिला नावं ठेवणार नाही. नाव आम्ही दिलं. ते ठेवायचं की नाही, हे तिनं ठरवायचं.