तिला तिच्या मनासारखं बसू द्या

घरातल्या बाईचं तैलचित्र करून हवं असलं की माणसं बहुधा फोटो घेऊन येतात. लग्नातला नाहीतर एकसष्टीचा. नऊवारी, नथ, ठसठशीत कुंकू आणि कॅमेऱ्यासाठी आणलेलं हसू. सोबत सूचना असतात: सुरकुत्या जरा कमी करा, रंग उजळ घ्या. व्यक्तिचित्रण हा माझा व्यवसाय आहे आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. बाईच्या चित्रात तिचं स्वातंत्र्य उतरायचं असेल, तर आधी छान दिसण्याच्या कामातून तिची सुटका करायला हवी.

ही वाट मला अमृता शेरगिलच्या चित्रांनी दाखवली. १९१३ मध्ये बुडापेस्टला जन्मलेली अमृता, वडील शीख, आई हंगेरियन. ती पॅरिसच्या 'एकोल द बोझार'मध्ये शिकली. या संस्थेचं दार बायकांसाठी उघडलं १८९७ मध्ये. बाईचं शरीर युरोपच्या चित्रांत शतकानुशतकं होतं; पण मॉडेल समोर बसवून ते रीतसर शिकण्याची मुभा बाईला फार उशिरा मिळाली. अमृताच्या हाती ती आली आणि तिनं तिचं सोनं केलं.

१९३२ चं तिचं 'यंग गर्ल्स' पाहा. एक मुलगी नीटनेटक्या कपड्यांत, आत्मविश्वासानं बसलेली. ही तिची बहीण इंदिरा. दुसरीचे कपडे अर्धे उतरलेले, जवळ चेरींची बशी आणि मोकळे केस चेहऱ्यावर आलेले. जिचं अंग दिसतं, तिचा चेहरा आपल्या हाती लागत नाही. दोन वर्षांनी अमृतानं ताहितीच्या स्त्रीच्या रूपात स्वतःलाच रंगवलं. फ्रेंच चित्रकार गोगँनं ताहितीच्या बायका रंगवल्या होत्या. इथे मॉडेल आणि चित्रकार एकच. हात पुढे दुमडलेले, नजर बाजूला, मागे एका पुरुषाची सावली. बघणाऱ्याला तिनं चित्रातच आणून उभं केलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

मग ती भारतात आली आणि १९३५ मध्ये 'थ्री गर्ल्स' केलं. तिघी शेजारी बसल्यात, पण एकमेकींकडे पाहत नाहीत, आपल्याकडेही नाही. पार्श्वभूमी साधी, तपशील मोजके, रंगांचे मोठे सलग भाग. इथे स्वातंत्र्य नाही, आणि अमृता ते असल्याचा देखावाही करत नाही. जे नाही ते न सजवता रंगवणं हीसुद्धा स्त्रीची बाजू घेणंच आहे, असं मला वाटतं. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीनं याच चित्राला सुवर्णपदक दिलं.

मुंबईत त्या सुमारास अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद जे. जे. स्कूलमध्ये शिकून रंगवत होत्या. दोघींचे वडील नामवंत चित्रकार. रंगांची पेटी घरातच होती. जिच्या घरी ती नव्हती, अशा कितीजणींचे हात कोरडेच राहिले असतील, हा विचार मला आजही छळतो.

आता त्या 'उजळ घ्या'विषयी. सावळ्या कांतीत पांढरा रंग मिसळत गेलं की ती खडूसारखी निर्जीव होते. खरं तर सावळ्या त्वचेवर उजेड फार सुंदर खेळतो. खिडकीजवळ बसवलं की कपाळावर आणि गालाच्या हाडावर निळसर चमक येते, हनुवटीखाली बर्न्ट सिएनाची ऊब असते. गडद भागासाठी मी काळा वापरत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळते, म्हणजे सावलीसुद्धा जिवंत राहते. बाईचा रंग आहे तसा रंगवणं ही तिला मान देण्याची पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी वेळेची. जवसाच्या तेलातला रंग हवेतला प्राणवायू घेत सावकाश वाळतो. काही दिवस ओला राहतो, खरवडता येतो, पुसता येतो. एकदा एक निवृत्त परिचारिका माझ्यासमोर बसल्या होत्या. पदर चापूनचोपून, पाठ ताठ, ओठांवर हसू. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ताई, पाय वर घेऊ का?" एक पाय खुर्चीवर आला, कोपर गुडघ्यावर टेकलं, एक खांदा खाली उतरला आणि ते हसू गेलं. मी आधीचं काम पॅलेट नाइफनं खरवडलं, टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसलं आणि त्या उतरलेल्या खांद्यापासून नव्यानं सुरुवात केली. चेहरा पातळ रंगात ठेवला; बोटांच्या पेरांवर मात्र जाड थर दिला, कारण आयुष्यभराचं काम त्या हातांत होतं. चित्र पाहून मुलगा म्हणाला, "आई, अशी काय बसलीस?" त्या म्हणाल्या, "दमल्यावर बसते तशी."

भावदर्शी चित्र म्हणजे जोरकस फटकारे, असा समज असतो. फटकारा कुठे जोरात मारायचा आणि कुठे हात आवरायचा, हे समोरच्या बाईकडे पाहूनच ठरतं. फोटोतून ते कळत नाही, कारण फोटोत तिनं आधीच सगळ्यांच्या मनासारखं केलेलं असतं.

म्हणून माझी विनंती आहे. आईचं, आजीचं चित्र करून घ्यायचं तर ती हयात असताना घ्या, आणि तिला घेऊनच या. काय नेसायचं, दागिने घालायचे की नाही, हसायचं की नाही, हे तिला ठरवू द्या. चित्र ओळखीचं वाटलं नाही तर लगेच बदलायला सांगू नका. ते घरात लावा आणि रोज पाहा. तिची ही बाजू आपण इतकी वर्षं पाहिली नव्हती, हे हळूहळू लक्षात येईल. व्यक्तिचित्राचं खरं काम तेच आहे.