हातातली दोरी

माझ्या नातीला यंदा गाईडचा राज्य पुरस्कार मिळाला. सुनेने प्रमाणपत्राला चौकट करून ते बैठकीत लावलं, गल्लीत पेढे वाटले. मी मात्र आल्यागेल्याला आधी अंगणात नेतो. तिथे तिने बांधलेली बांबूची तिवई उभी आहे. तिच्यावर पाण्याची भरली घागर असते. एकही खिळा नाही, सगळा भार सुतळीच्या वेढ्यांवर. हे दाखवताना माझा ऊर भरून येतो आणि ते मी लपवत नाही.

दोरी माझ्या हातात आली ती हायस्कूलच्या स्काऊट पथकात, साठच्या दशकात. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, हातात काठी आणि कमरेला काथ्याची दोरी. वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. आमचे गुरुजी त्याच्याही आधीचे, हिंदुस्थान स्काऊट्समध्ये तयार झालेले. ते गाठी डोळे मिटून बांधायला लावत, कारण संकट काही उजेड बघून येत नाही. रीफ नॉट पट्टी बांधायला, कारण ती सपाट बसते, जखमेवर टोचत नाही. काठीला दोरी अडकवायची तर क्लोव्ह हिच. आणि सगळ्यांत जीव लावून शिकवली ती बोलाइन. दोरीवर एक लहान वेढा घ्यायचा, मोकळं टोक त्यातून वर काढायचं, मूळ दोरीच्या मागून वळसा देऊन पुन्हा त्याच वेढ्यात खाली घालायचं आणि ओढायचं. तयार झालेला फास कितीही ताण दिला तरी आवळत नाही. माणसाच्या काखेखालून घातला तर त्याला वर ओढता येतं, बरगड्या दबत नाहीत.

पुढे साखर कारखान्यात गव्हाणीवर नोकरी लागली. उसाच्या गाड्या, बैलांची दावी, तिरपालाच्या दोऱ्या, हात कायम दोरीत. तिथली माणसं माझ्याकडून गाठ बांधून घेत, एवढंच सांगण्यासारखं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून नावेत उतरवायचं होतं. गुडघे धरलेले, शिडीवर पाय ठरेना. मी नायलॉनच्या दोरीची बोलाइन त्यांच्या काखेखालून घातली. दोरीचं दुसरं टोक गॅलरीच्या खांबाला दोन वेढे देऊन मी धरलं आणि वीतवीत सोडत राहिलो. खाली नावेतल्या पोरांनी त्यांना अलगद झेललं. नात तेव्हा तिसरीत होती. तिने सगळं पाहिलं. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढत होतो, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, ती गाठ मला शिकवा."

शिकवली. पुढे ती शाळेच्या गाईड पथकात गेली. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, असं एकेक पायरी चढत राज्य पुरस्काराच्या चाचणीपर्यंत पोचायला वर्षं लागतात. प्रथमोपचार, तंबू, चुलीवरचा स्वयंपाक, होकायंत्र, सेवाकार्य, सगळं करून दाखवावं लागतं. आदल्या रात्री पाठांतर करून यातलं काही जमत नाही. आठवीत क्लासच्या वेळा आडव्या आल्या, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आता हे बंद करू या." मी त्याला एवढंच विचारलं, "पुराच्या दिवशी काकूंना कशाने उतरवलं?" तो गप्प राहिला. पथक सुटलं नाही.

चाचणी शिबिरातून परत आली ती उन्हाने रापून, तळहाताला सुतळीचे वळ घेऊन. शिबिरात काय झालं ते तिने करूनच दाखवलं. डोळ्यांवर ओढणी बांधली, दोरी कमरेमागून घेतली आणि एका हाताने बोलाइन घातली. अंगठ्याने टोक दाबून धरलं, मनगट आतल्या बाजूला वळवलं, बोटांनी टोक मागून ओढून घेतलं. मी दोन्ही हातांनी फास ताणून पाहिला. तसूभर सरकला नाही. माझ्या गुरुजींनी शिकवली तीच गाठ होती, आणि ती माझ्यापेक्षा चपळ बांधते.

प्रमाणपत्र तिच्या बारावीपर्यंत भिंतीवर राहील, मग कपाटात जाईल. हातांना जे कळलं ते कपाटात ठेवता येत नाही. म्हणून माझी आईबापांना हात जोडून विनंती आहे. आठवी-नववीत, ऐन शिकण्याच्या वयात, मुलांना पथकातून काढू नका. आणि ज्या शाळांत स्काऊट-गाईडचा तास फक्त वेळापत्रकावर उरला आहे, तिथल्या मुख्याध्यापकांनी तो तास मैदानावर भरवावा. दोरी, काठी आणि शिकवायची ओढ असलेला एक शिक्षक, इतकं असलं तरी सुरुवात होते.