व्हय म्हाराजा

आमच्याकडे कुणी लांब निघालं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. पाटावर नारळ आणि विडा ठेवायचा, घरातल्या जाणत्याने हात जोडून सुरुवात करायची आणि त्याच्या प्रत्येक मागणीला मागे उभ्या असलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा!' लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे किती वेळा म्हटलं, त्याची गणती नाही. धाकटे दीर मुंबईला नोकरीला निघाले तेव्हा, पुतण्या गोव्यात कंपनीत लागला तेव्हा, आणि दरवर्षी गणपती आटोपून चाकरमानी परतीच्या वाटेला लागतात तेव्हा.

यंदा श्रावणात ते माझ्या लेकीसाठी होतं. बाहेर पावसाची रिपरिप, पडवीत भरलेल्या दोन बॅगा, आणि देवासमोर सासरे. आवाज थकलाय त्यांचा, पण गाऱ्हाण्याला अजून तसाच लागतो. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या ह्या घरातला चेडू शिकूक मुंबैक चल्ला. तेच्या वाटेर काय आड-अडचन असात ती दूर कर. तेका विद्येत यश दी." व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. "आनि तेका सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले. माझ्या तोंडून मात्र शब्द निघाला नाही. परत आण, असं खरंच मागावं का, तेच मला त्या क्षणी कळेना.

आमचं गाव कुडाळपासून आत आहे. इथे माणूस जायचा हे जन्मापासून ठरलेलंच. सासरे १९६८ साली वेंगुर्ल्याहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गिरणीत लागले. आधी बोट, मग एसटी, आणि नंतर कोकण रेल्वे. वाहनं बदलली, दिशा तीच राहिली. २००१च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. सगळा देश वाढत असताना आमचा जिल्हा कमी झाला. आणि दुसरीकडे दहावी-बारावीचा निकाल लागला की कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या शाळेचा पट यंदा नऊ आहे. पहिला येणारा निकाल आणि घटती वस्ती, या दोन गोष्टी एकमेकींना धरूनच आहेत, हे मला फार आधी कळायला हवं होतं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना फळ्यासमोर उभं करून सांगत आले, शिका, मोठे व्हा. मोठं होणं म्हणजे इथून जाणं, हे न सांगताही पोरांना कळत होतं. माझ्या घरातलीही ऐकत होती.

लेकीला माटुंग्याला व्हीजेटीआयला इंजिनिअरिंगसाठी प्रवेश मिळाला. ही बातमी आम्हांला जेवढी कळली, त्याहून जास्त सासऱ्यांना कळली. ही संस्था १८८७मध्ये सुरू झाली आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना लागणारी शिकलेली माणसं तिथून तयार होत. "आमच्या खात्याचे मास्तर थयसूनच शिकान येयत," ते म्हणाले. चौदा वर्षं त्यांनी साच्यांवर काढली. १९८२च्या जानेवारीत संप झाला, वर्षभर वाट पाहिली आणि मग एक ट्रंक घेऊन ते घरी आले. त्या परत येण्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. नातीच्या प्रवेशाचा कागद मात्र त्यांनी चष्मा लावून सबंध वाचला. त्यातलं इंग्रजी त्यांना येत नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी तिची बॅग भरत होते. कुळथाची पिठी, सोलं, घरचा मसाला, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची चटणी. ती शेजारी बसून एकेक पुडी हळूच बाहेर काढत होती. "आई, हॉस्टेलात शेगडी नाय गो." पिठी परत डब्यात गेली, मसाला परत बरणीत गेला. सोलं तिने ठेवली, नुसती चघळायला. आणि खाजं ठेवलं, आल्या-गुळाचं, खोलीतल्या मुलींना वाटायला. अठरा वर्षं मी तिच्यासाठी जे करत होते, त्यातलं बरंचसं शेगडीवरचं होतं, हे मला त्या रात्री पुड्या उचलून ठेवताना उमगलं.

तुतारी एक्सप्रेस सावंतवाडीहून संध्याकाळी सुटते आणि सकाळी दादरला पोचते. कुडाळला ती फार थांबत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, कटिंगमधल्या दरडींच्या भीतीने गाड्या धीम्या चालवतात. गाडीला उशीर झाला तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ती वेळेवर आली. लेकीचे बाबा सोबत जाणार होते, म्हणून सामान चढवायची घाई त्यांना आणि निरोपाची मला. ती दारात उभी राहून म्हणाली, "येतंय गो." मग डबे सरकत गेले, शेवटचा लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला आणि फलाटावर फक्त पत्र्यावरचा पाऊस उरला. रिक्षातून परत येताना दोन्ही बाजूंना लावणी उरकलेली शेतं होती. उन्हाळ्यात सीईटीच्या पेपरला जाताना हीच शेतं नांगरून पडली होती.

घरात एक गोष्ट मी अजून हलवलेली नाही. पडवीच्या उत्तरेच्या टोकाला, खांबाला टेकवून एक प्लास्टिकची खुर्ची आहे. आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त तिथेच येते, तीही पाऊस झोडपायला लागला की जाते. दोन वर्षं ती त्या खुर्चीत बसून शिकवणीचे व्हिडिओ बघत होती. उन्हाळ्यात घामाने, पावसाळ्यात शिंतोड्यांनी भिजायची. मांडीवर वही, कानात इअरफोन, पाय खांबाला लावलेले. खांबाच्या रंगावर तिच्या टाचा जिथे टेकत, तिथे दोन गोल डाग पडले आहेत. आता रोज रात्री साडेनऊला मी त्या खुर्चीत जाऊन बसते, तिचा फोन तिथेच लागतो म्हणून. तिने काय खाल्लं, मेसची भाजी कशी होती, खोलीतली नागपूरची मुलगी रात्री उशिरापर्यंत दिवा कसा चालू ठेवते, हे सगळं ऐकताना माझेही पाय आपसूक खांबाला लागतात.

एकदा तिचा फोन ठेवून मी आत आले तर सासरे जागेच होते. मनात इतके दिवस टोचत होतं ते मी विचारलंच. म्हटलं, बाबा, तुम्ही गाऱ्हाण्यात तिला परत आण म्हणालात. पण एवढं शिकून ती इथे करणार काय? परत आली तर तिचं भलं होईल का? माझ्याच्यानं 'व्हय' म्हणवलं नाही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पानाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "अगो, ऱ्हवाक हाड असा खय म्हटलंय मी? चतुर्थीक हाड, तितक्याच."

मी देव्हाऱ्याशी गेले. पाटावरचा नारळ कधीच प्रसादाला वाढवून झाला होता. तरी हात जोडले आणि राहून गेलेलं 'व्हय म्हाराजा' म्हणून घेतलं.

चतुर्थीच्या गाड्यांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत भरतं. तेव्हा तिचा प्रवेशच नक्की झाला नव्हता. तिचं तिकीट सध्या वेटिंगवर आहे, ६७ नंबर.